उचलणी लिही

"चार पाय म्हंजे? बकरी हाय का ती?"

"काकी, आधी बघ तरी नीट. हे चार खांब पाण्यात रोवायचे. मधी बोट घालायची. बटन दाबलं की बोट वर. खलास."

"आणि पाणी खाली गेलं मंग?"

"जाऊ दे ना. बोट वरच हाय."

"अरे, पाणीच खाली गेलं म्हंजे! दिवाळीपासून जूनपर्यंत हे पाणी किती पुरुष उतरतं, सांग. सांग ना. आता का गप?"

"पुरुषबिरुष नको सांगू. फुटात सांग."

"तूच उभा राहा तिथं. तुझ्या डोक्यावर परत तूच, असे आठ जगन. तेवढं उतरतं. तुझे चार खांब ऑगस्टात बुडून जातील, आणि एप्रिलात माळावर उघडे उभे दिसतील. त्यांना बकरी बांधू. तेवढ्याला बरे हायेत."

"मंग तूच सांग कुठली घ्यायची! मी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत हेच बघतोय. मालक बोलला, जग्या, फोनवर पोरगी बघतो काय रे लग्नाची?"

"पोरगी बघितली असतीस तर निदान घरात कोण आलं असतं."

जगनने फोन खिशात घातला. भिमीने पदर खोचला आणि चिखलातून वर काढलेला दगड पाण्यात भिरकावला. फेब्रुवारी होता. पाणी आतापर्यंत तीन पुरुष उतरलं होतं, पाच उतरायचं बाकी होतं.

आवळेवाडी धरणाच्या पाण्यापलीकडे आहे. एक्केचाळीस घरं, वर डोंगर, खाली पाणी. अलीकडच्या काठावर किन्हवलीची जीप उभी राहते, तिथून पुढे शहापूरची एसटी. काठ ते काठ पाण्यातून वीस मिनिटं. डोंगराला वळसा घालून चालत आलं तर चार तास, तेही कोरड्यात. म्हणून आवळेवाडीत कुणालाही काहीही लागलं, रेशन, इंजेक्शन, वह्या, नवरी, की आधी भिमीला हाक मारावी लागते.

भिमी पंचावन्नची असेल. अंगानं काटकुळी, आवाज मोठा. पाण्यापलीकडून बोलायची सवय. तिच्या दोन्ही तळव्यांवर आडवी एक गुळगुळीत पट्टी आहे, तिथं एकही रेघ उरलेली नाही. आठ निळ्या पिंपांवर बांबू बांधून केलेला तराफा होता वाडीचा, आणि या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला जाड दोर. तराफ्यावर उभं राहायचं आणि दोर हातानं ओढत पलीकडे जायचं. आधी नवरा ओढायचा, बुधू. तो गेल्यावर अठरा वर्षं भिमीनं ओढला. घरामागे वर्षाला दोन पायली भात, हा तिचा पगार. शेजारची तानी म्हणायची, "यात्रेत हात बघणारा आला तर तू जाऊ नको गो. तुझा हात बघून त्यालाच चक्कर यील."

मग दोन वर्षांपूर्वी बोट आली. मुरबाडच्या बाजूला पाण्याकाठी एक हॉटेल होतं, ते बंद पडलं. पाहुण्यांना फिरवायची त्यांची बोट मुंबईच्या एका संस्थेनं घेतली आणि आवळेवाडीला दिली. अॅल्युमिनियमच्या दोन लांबलचक नळ्या, दोन्ही तोंडांनी बंद, त्यावर सपाट फळी, चहूबाजूंनी कठडा, वर निळं छप्पर, मागं छोटं इंजिन. जगन तिला पाँटून म्हणतो. भिमी पिंपाडं म्हणते. कठड्याला अजूनही इंग्रजीत 'सनसेट राइड' असं रंगवलेलं आहे, आणि त्याच पाटीखाली बसून वाडीतल्या दोन बाया बाळंतपणाला गेल्या आणि एक म्हातारा परत आला, चादरीत बांधून.

भिमी पंधरा दिवसांत इंजिन शिकली. पहिल्यांदा दोर न ओढता पलीकडे पोचली तेव्हा काठावर उतरून आपल्या हातांकडे बघत उभी राहिली. तानीनं विचारलं, "काय गो, काय सांडलं काय?"

"नाय," भिमी म्हणाली. "हात काय करतील आता, ते बघतंय."

बोटीला एक अट होती. संस्थेच्या हेतल मॅडमनी ती पहिल्याच दिवशी सांगितली होती, आणि यंदा जानेवारीत परत येऊन सांगितली. एका पावसाळ्यात बोटीच्या नळीला पोचा पडला होता. डोंगरातून वाहून आलेला ओंडका लागला होता, वाऱ्यानं बोट खडकावर आपटली होती.

"भिमीताई, अजून एक पावसाळा अशी पाण्यात राहिली तर ही फुटणार. मग माणसं बसलेली असताना फुटली तर? आमची जबाबदारी आहे ना. संध्याकाळी वर काढायची, वारा असेल त्या दिवशी वरच ठेवायची. लिफ्ट बसवा. पंचायतीकडे त्यासाठी पैसे आहेत, मागा. दहा जूनपर्यंत लिफ्ट बसल्याचा पंचायतीचा दाखला मला द्या. नाहीतर मला बोट दुसऱ्या गावाला द्यावी लागेल. मला आवडेल का ते?"

"नाय आवडणार तुमाला," भिमी म्हणाली. "पन द्याल."

हेतल मॅडमनी चहाचा कप उचलला. त्या वाईट नव्हत्या. चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवणाऱ्या होत्या.

बोट नऊ क्विंटल. ती ओढायला आठ गडी लागतात. आणि आवळेवाडीतले गडी दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात ते पाऊस तोंडावर आला की येतात. काही येतात, काही त्या वर्षी येत नाहीत. आले तरी भाताच्या लावणीत असतात. रोज संध्याकाळी आठ जण कुठून आणायचे? म्हणून भिमीची जगनला अट एवढीच होती: "एक बाई चालवंल असं बघ. एकटी. आणि सोडलं तरी मागं जाणार नाय, असं."

"सोडलं तरी मागं जाणार नाय" हे ती दर वेळी शेवटी म्हणायची. जगनला त्याचं कारण माहीत होतं. तो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता आणि काठावरच उभा होता.

आषाढ होता. पिंपांचा तराफा रोज संध्याकाळी वर ओढायचा असे. त्या दिवशी आठऐवजी पाच गडी होते. चार वरून दोर धरून, बुधू खालून रेटत. अर्धा चढ आला आणि कुणाचा तरी पाय चिखलात सरकला. ओला दोर चौघांच्या हातांतून सर्रकन गेला. तराफा खाली आला. त्याचा पुढचा आडवा वासा बुधूच्या छातीवर बसला.

त्याच तराफ्यावर घालून त्याला पलीकडे नेला. जीप, मग शहापूर, मग ठाण्याकडचा एक मोठा दवाखाना. तिथं भिमीनं आयुष्यात पहिल्यांदा लिफ्ट बघितली. लोखंडी खोलीचं दार उघडलं, स्ट्रेचर आत गेलं. बुधूच्या पायाचा चिखल अजून ओला होता.

"बाई, पेशंटबरोबर एकच माणूस," लिफ्टवाला म्हणाला.

"एकच हाय मी."

"हा वॉर्डबॉय आहे ना, तो एक. तुम्ही जिन्यानं या. तिसरा मजला."

दार लागलं. भिमी जिना चढली. आता, आवळेवाडीत आपण उभे असतो तो पहिला, त्याच्या वरचा दुसरा. तिनं तसंच मोजलं. जमिनीवरचा पहिला, एक जिना चढून दुसरा, अजून एक चढून तिसरा. तिथं एक बाक होतं, एक बंद दार होतं. पांढऱ्या कपड्यातल्या बाईनं जाता जाता सांगितलं, "बसा." ती बसली. शिकलेली माणसं बसा म्हणाली तर उठायचं नाही, एवढंच तिला माहीत होतं. रात्र सरली, ऊन बाकावर आलं, बाकावरून भिंतीवर गेलं. मग झाडूवाली आली.

"कोणाची वाट बघतेस गं?"

"माझा माणूस हाय आत. तिसऱ्या मजल्यावर."

"हा दुसरा हाय बाई. तिसरा वर."

ती वर पोचली तेव्हा एक माणूस ओल्या फडक्यानं रिकामी खाट पुसत होता.

तेव्हापासून भिमीच्या घरात लिफ्ट हा शब्द कुणी बोलत नाही. जगन शहापूरला वेल्डिंगच्या दुकानात लागला, चारचौघांत उठबस करायला लागला, तरी काकीपुढे फोन धरताना तो 'हे मशीन', 'ही वस्तू' असंच म्हणायचा.

चार खांबांच्या मशीनचा निकाल लागला. पुढच्या सुट्टीला तो दुसरं घेऊन आला.

"हे बघ, हे पाण्याबरोबर वरखाली होतं. बोटीखाली मोठ्या टाक्या. टाक्यांत हवा भरली की त्या फुगून वर येतात, बोट उचलली जाते. हवा सोडली की बोट परत पाण्यात. पाणी आठ पुरुष उतरू दे नायतर ऐंशी."

"हवा कोण भरणार? मी फुंकू?"

"ब्लोअर असतो. लाइटवर."

"लाइट!" भिमीनं वाडीकडे हात केला. "पावसात लाइट कवा असते इथं? वारा सुटला की पयली लाइट जाते. म्हंजे ज्या दिवशी बोट उचलायची त्याच दिवशी तुझं मशीन झोपणार. आणि खाली बघ. हे काय दिसतं?"

उतरलेल्या पाण्यातून काळी खोडं वर आली होती. धरण व्हायच्या आधीच्या जंगलाची. टोकं भाल्यासारखी.

"टाक्या फाटतील," जगन म्हणाला.

"शाणा झाला बघ जग्या."

"मंग एकच राहतं. रूळ टाकायचे आणि ट्रॉली. ट्रॉली पाण्यात बुडवायची, बोट तिच्यावर आणायची आणि वरून गिरकीनं, दांडा फिरवून दोर गुंडाळत, ओढून घ्यायची. पन पाणी इतकं लांब जातं, तर रूळ टाकायचे किती? हा पूर्ण उतार? तेवढं लोखंड पंचायत सात जन्मांत देणार नाय."

भिमी उतारावर खाली गेली, परत वर आली. एकदा बसली, हातानं उताराचा अंदाज घेतला. मग म्हणाली, "रूळ कशाला? शिडी कर."

"शिडी?"

"लोखंडाची शिडी. आडवी निजवायची. दहा-दहा फुटांचे चार तुकडे. पाणी जिकडं जाईल तिकडं शिडी न्यायची. एक तुकडा चार बाया उचलतील. आमी भाताचे भारे उचलतो, ही काय शिडी."

जगन तिच्याकडे बघत राहिला. खिशातून वेल्डिंगचा खडू काढून त्यानं तिथंच कातळावर आकृती काढायला घेतली. दोन उभे पाट, आडव्या पट्ट्या, टोकाला बोल्ट. त्या आकृतीवर दोघं अर्धा तास भांडले, आणि ते भांडण त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं भांडण होतं.

गिरकी बघायला तो तिला भिवंडीला घेऊन गेला. भंगारच्या बाजारात, ट्रकांच्या सांगाड्यांमागं, एका जुन्या क्रेनची हातानं फिरवायची गिरकी पडली होती. मोठा दातेरी डमरू, लांब दांडा, तारेचा दोर. भंगारवाल्यानं दांडा चार वेळा फिरवला आणि एकदम हात सोडला. भिमी दचकून मागं सरली.

गिरकी जागच्या जागी थांबली. कट्, असा आवाज आला.

"डरो मत मौसी. कुत्ता है ना."

"काय हाय?"

भंगारवाल्यानं दात्यात अडकलेली लोखंडाची छोटी पट्टी बोटानं दाखवली. "ये. इसको कुत्ता बोलते हैं. दाँत पकड़ के बैठता है. तुम हाथ छोड़ो, ये नहीं छोड़ता."

भिमी खाली बसली. बोटभर लांबीची ती पट्टी तिनं उचलली, सोडली. कट्. परत उचलली, परत सोडली. कट्. ग्राहक येत होते, हातगाड्या वाट मागत होत्या. जगन म्हणाला, "काकी, ऊठ. लोक बघतात."

"एवढासाच असतो?" ती म्हणाली.

जगनला तिकडे बघवेना. त्यानं भंगारवाल्याशी बोलून गिरकी दोन महिने बाजूला ठेवायचं ठरवलं. येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. किन्हवलीचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "त्या टायमाला कुत्रा असता तर."



अर्ज लिहायला दोघं पंचायतीच्या ओट्यावर बसले. जगननं गुडघ्यावर कागद घेतला.

"विषय. बोट लिफ्ट मिळणेबाबत."

"तो शब्द नको."

"काकी, अर्ज हाय हा."

"असूं दे. उचलणी लिही. बोट उचलायची उचलणी."

"उचलणी लिहिली तर पंचायतीत काय वाचतील? उचल. भट्टीवाल्याची उचल, आगाऊ पैसा. बोलतील, आवळेवाडीवाले आता पंचायतीकडं पन उचल मागायला लागले. हसतील."

"उचल येगळी, उचलणी येगळी."

"तुला येगळी. टेबलावर बसलेल्याला एकच. लिफ्ट लिहिलं की सगळ्यांना कळतं. मॅडम लिफ्टच बोलते ना? मॅडमला दाखला कशाचा पायजे? लिफ्टचा. उद्या तीच बोलंल, मी लिफ्ट सांगितली, तुमी उचलणी काय आणली?"

भिमीनं कागदाकडे बघितलं. आयुष्यात तिनं शिकलेल्या माणसांचं म्हणणं फार वेळा खोडलं नव्हतं, आणि जगन तिच्या घरातला पहिला शिकलेला.

"लिही," ती म्हणाली. "पन मला वाचून दाखवू नको."

त्यानं लिहिलं. खाली शिडीचं, ट्रॉलीचं, गिरकीचं सगळं व्यवस्थित मांडलं, आकृतीही काढली. तिनं सही केली, भिमी बुधू मेंगाळ, एकेक अक्षर सुटं. ग्रामसेवक किशोर भाऊसाहेबांनी कागद घेतला, वरची ओळ वाचली. "लिफ्ट. बरं. पाठवतो वर."

मार्च गेला. एप्रिल गेला. पाणी खोडांच्या मुळांपर्यंत उतरलं. भिमी रोज दोन-दोनशे पावलं चिखल तुडवून बोटीपर्यंत जायची, बोटीला म्हणायची, "थांब थोडं. शिडी येतंय." वाडीतल्या बायांना तिनं आधीच वाटून दिलं होतं, कोण कुठला तुकडा धरणार ते. तानीला खालचा तुकडा आला होता म्हणून ती रुसली होती. "मला पाण्यातला का? मी काय बेडूक हाय?" कातळावरची खडूची आकृती पुसट झाली की भिमी कोळशानं गिरवायची.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात जगनचा फोन आला. "काकी, मंजूर झाली! सामान निघालं. परवा टेम्पो येतोय."

परवा सगळी वाडी काठावर. अलीकडे टेम्पो थांबला. भिमी बोट घेऊन गेली. टेम्पोतून निळे प्लॅस्टिकचे पाइप उतरले. खूप पाइप. मग एक लाकडी खोका, त्यात मोटर. मग लोखंडी पेटी, लाल-हिरव्या बटनांची. मग एक पत्र्याची पाटी: लिफ्ट योजना, आवळेवाडी.

"शिडी कुठंय?" भिमीनं विचारलं.

"कसली शिडी?" टेम्पोवाला म्हणाला. "मावशी, ही पाण्याची लिफ्ट. पाणी उपसून शेतात चढवायचं. मजा आहे तुमची, आता उन्हाळी पीक घ्या."

आवळेवाडीची शेती डोंगराच्या पलीकडच्या उतरणीला आहे. पाइप तिथपर्यंत निम्मेसुद्धा पुरले नसते. मोटर तीन फेजची होती. वाडीत एकच फेज येते, तीही आपल्या मर्जीनं. 

भिमीनं पाइपाला हात लावून बघितला. जगन दुसऱ्या दिवशी आला तेव्हा ती त्याच्याशी भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो धावत पंचायतीत गेला, परत आला. "कॉम्प्युटरात बोटीचा रकानाच नाय. ऑपरेटरनं लिफ्ट टाकलं, त्याच्यापुढं आपोआप उपसा सिंचन आलं. अर्ज कोण वाचतो, काकी? वरची ओळ वाचतात." मग भिवंडीला गेला. भंगारवाल्यानं हात पसरले. दोन महीने रखा, अब कितना रखूँ? कुआँ खोदने वाले ले गए.

"कुत्र्यासकट?" भिमीनं विचारलं.

"हां," जगन म्हणाला. "त्याच्यासकट."

आठ जूनला ढग डोंगरावर टेकले. सकाळी अलीकडच्या काठावरून हाक आली. किशोर भाऊसाहेब होते, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. भिमीनं त्यांना बोटीत घेतलं. वाटेत वाऱ्यानं बोट हेलकावे खायला लागली तसे ते कठडा घट्ट धरून बसले.

भिमीच्या पडवीत घोंगडी अंथरली. जगन होता, तानी दाराशी उभी होती. भाऊसाहेब पाणी प्यायले, मग त्यांनी फाईल उघडली.

"भिमीबाई, चूक झाली. मी नाही म्हणत नाही. पण आता काय करायचं ते बघू. हा दाखला आहे. 'लिफ्ट मिळाली, बसवली, चालू आहे.' इथं सही करा. परवा मॅडम येतील, त्यांना दाखला दिसला की झालं. बोट तुमची राहिली."

"चालू हाय?" भिमी म्हणाली. "पाइप गोठ्यात पडलेत, भाऊसाहेब. कोंबडीनं अंडी घातली त्यांत."

तानी फिसकन हसली, मग तोंडावर पदर धरला.

"कागदावर चालू," भाऊसाहेब म्हणाले. "सगळ्या गावांत असंच असतं."

"आणि खरी उचलणी? ती कवा मागायची? पुढच्या साली?"

भाऊसाहेबांनी फाईलची दोरी बोटाला गुंडाळली. "एका वाडीला एकच लिफ्ट मिळते. दिल्याची नोंद झाली की परत नाही."

"आणि सही नाय केली तर?"

"तर परत पाठवता येईल. मग नवीन अर्ज, नवीन मंजुरी. दोन वर्षं, तीन वर्षं. पण परवा दाखला नसेल तर मॅडम बोट नेतील. मी त्यांना थांबवू शकत नाही. माझी तर बदलीच झालीय, जुलैपासून मी इथं नाही."

बाहेर वारा फिरला. खाली बोटीचं निळं छप्पर फडफडल्याचा आवाज वरपर्यंत आला.

जगन पुढं सरकला. "काकी, कर सही. बोट तर राहील. मुख्य बोट हाय ना? गेली तर परत पिंपं, परत दोर. तुझे हात बघ."

"बोट राहील. वर कोण काढील?"

"भट्टीवाले आलेत ना आता. करू आठ जण गोळा."

"रोज?"

"रोज नाय तर... जमंल तसं. आठ नाय तर सहा. पाच तरी येतीलच ना!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं: तेव्हाही पाचच होते. तानीनं दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. भाऊसाहेबांना काही समजलं नाही, ते एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काकी, मला तसं नव्हतं..."

भिमीनं कागद हातात घेतला. वरची ओळ तिनं बोट ठेवून वाचली, एकेक अक्षर लावून. लि. फ्ट. मग कागद घोंगडीवर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला.

"भिमीबाई, पेन घ्या," भाऊसाहेब म्हणाले. "पाऊस यायच्या आत मला निघायचंय."

ती उठली. आत गेली. आतल्या खुंटीला तराफ्याचा जुना दोर वेटोळं करून टांगलेला होता, दोन वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. तो तिनं खाली काढला, खांद्यावर घेतला. वेटोळ्यातून धूळ उडाली. पडवीतून जाताना तिनं कुणाकडे बघितलं नाही.

"काकी! दोर कशाला घेतलास? परत तराफा करणार काय? अगो, सही करायची का नाय, एवढं तरी सांग!"

ती अंगणातून उताराला लागली. पावसाचे चार मोठे थेंब तांब्यावर टणटणले.

"भिमीबाई!" भाऊसाहेब उभे राहिले, एका हातात पेन, दुसऱ्या हातात टोपण. "अहो, मला पलीकडे कोण सोडणार?"

खालून फक्त छपराची फडफड ऐकू येत होती. भिमी वळली नाही.